जमिनीवर उतरलेला ड्रमसेट

ड्रमसेट घ्यायला दुकानात गेलं की दुकानदार झांजांबद्दल बोलतो, स्नेअरच्या लाकडाबद्दल बोलतो, पेडलची साखळी एकेरी की दुहेरी तेही सांगतो. स्टुलाबद्दल कुणी बोलत नाही. ड्रमर स्टुलावरच बसणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं असतं. तालवादक त्रिलोक गुर्तूंनी आपल्या संचातून ते स्टूलच काढून टाकलं. ते जमिनीवर, अर्धवट गुडघ्यावर बसून वाजवतात. हाताशी तबला-डग्गा, भोवती ड्रम, वर झांजा आणि हाय-हॅट, बास ड्रमच्या जागी मोठ्या स्पीकरच्या कोनासारखा दिसणारा एक ड्रम, आणि जवळच शिंपल्यांच्या माळा, घंटा, खुळखुळे, पाण्याने भरलेली बादली. युरोपात हा थाट पहिल्यांदा पाहणाऱ्यांना ती पूर्वेकडची नवलाई वाटली असेल, तर त्यात आश्चर्य नाही. माझं म्हणणं असं की त्यात नवलाईचा भाग फार थोडा आहे. त्या संचातली जवळजवळ प्रत्येक वस्तू एका अडचणीचं उत्तर आहे, आणि ती अडचण मुंबईत ठुमरी ऐकत वाढलेल्या मुलाची आहे. गुर्तूंचा प्रभाव टिकला तोही त्या वस्तूंमुळे कमी, आणि अडचण न लपवता तिच्याभोवती सगळा संच नव्याने मांडण्याच्या हिमतीमुळे जास्त.

अडचण सांगायला सोपी आहे. तबलजी मांडी घालून बसतो. त्याची बोटं पुडीवरच्या चाटेपासून शाईपर्यंत फिरतात, डाव्या तळहाताची टाच डग्ग्यावर दाबत सरकते आणि त्या दाबाने डग्गा बोलतो, कण्हतो, विचारतो. ड्रमर उंचावर बसतो, त्याच्या हातात काठ्या असतात, दोन्ही पाय कामाला लागलेले असतात. ही दोन शरीरं वेगळी आहेत. एकाच माणसाला एकाच रचनेत दोन्ही व्हायचं असेल तर तबला स्टँडवर चढवायचा किंवा ड्रमसेट खाली आणायचा. पहिला मार्ग सोपा आहे आणि आज अनेकजण तोच घेतात. पण स्टँडवरच्या डग्ग्यावर खांद्यापासून उतरणारं वजन तसंच्या तसं पडत नाही. गुर्तूंनी दुसरा मार्ग घेतला. म्हणजे ज्या वाद्याची सवय जगभर पसरलेली होती, त्यालाच त्यांनी आपल्या बैठकीवर उतरायला लावलं.

ड्रमसेटच्या बाबतीत असं करणं मर्यादाभंग वाटतं, कारण आपण तो एक पूर्ण, ठरलेलं वाद्य मानतो. तो कधीच तसा नव्हता. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक माणूस स्नेअर वाजवी, दुसरा बास ड्रम, तिसरा झांजा. नाटकगृहातल्या वादकांच्या खड्ड्यात जागा कमी आणि मालकाला तिघांचा पगार नको, म्हणून तिघांचं काम एकाकडे आलं. १९०९ मध्ये लडविग यांचं बास ड्रमचं पेडल आलं आणि पाय मोकळा होता तो कामाला लागला. १९२०च्या दशकात हाय-हॅट आला. टॉम हे ड्रम सुरुवातीला चिनी होते, खिळ्यांनी ठोकलेल्या कातड्याचे. झांजा इस्तंबूलच्या आर्मेनियन कारागीर घराण्याच्या. झिल्जियनांचा हा व्यवसाय १६२३चा, अमेरिकेतला कारखाना १९२९चा. स्नेअर युरोपच्या फौजांमधून आलेला. गरजेपोटी जमवलेल्या या परदेशी वस्तूंतून न्यू ऑर्लिन्सच्या आणि पुढे शिकागो-न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय वादकांनी एक भाषा घडवली. १९४०च्या सुमाराला केनी क्लार्क यांनी लयीचा मुख्य धागा बास ड्रमवरून वरच्या मोठ्या झांजेवर नेला. त्या एका बदलाने बास ड्रम आणि स्नेअर बोलायला मोकळे झाले, आणि मॅक्स रोच, एल्विन जोन्स, टोनी विल्यम्स यांना संवादाची जागा मिळाली. वाद्य तेच राहिलं, पण कुठल्या अवयवाने काय सांभाळायचं हे बदललं, आणि जॅझ बदललं.

मग तो संच गोठला केव्हा? १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकन टीव्हीवर दिसले, लडविगच्या ड्रमना प्रचंड मागणी आली, आणि तो चार ड्रमांचा नमुना जगभरातल्या मुलांच्या डोक्यात ‘ड्रमसेट’ म्हणून बसला. कारखान्यांना ठरावीक नमुना सोयीचा असतो. वादकाला तो सोयीचा असतोच असं नाही.

आपल्याकडे याला समांतर अशी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मराठी वाचकाने जरूर पाहावं. संगीत नाटकाच्या रंगभूमीवरही पायपेटी आली, युरोपातून, भात्याचं काम पायांवर सोपवणारी, आणि तिच्या शेजारी गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा खाँसाहेब तबल्याला बसले. परदेशी पेटी आणि फरुखाबादचा तबला यांच्यावर बालगंधर्वांचं गाणं उभं राहिलं. त्याला कुणी भेसळ म्हटलं नाही. आज आपण त्यालाच मराठी परंपरा म्हणतो. त्यामुळे गुर्तूंच्या संचाकडे पाहून ज्यांना तबल्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं, त्यांच्याशी माझा वाद आपल्याच नाट्यसंगीताच्या आधाराने आहे.

गुर्तू जन्मले १९५१ मध्ये, मुंबईत. त्याच वर्षी ‘अलबेला’ पडद्यावर आला. त्यातलं संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि त्यांच्या जोडीला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आणि त्यांचा वाद्यवृंद. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा संच ताजमहाल हॉटेलात आला, तेव्हापासून मुंबईत जॅझ रुजत होतं. गोवेकर, पारशी आणि अँग्लो-इंडियन वादक रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाण्यांना साथ करत. कावस लॉर्ड हे याच जगातले. लॅटिन अमेरिकन तालवाद्यं हिंदी चित्रपटात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि पुढे केर्सी आणि बुजी ही त्यांची मुलंही त्याच धंद्यात नावारूपाला आली. म्हणजे मुंबईच्या ड्रमरला मिश्रण नवीन नव्हतं. मात्र त्या मिश्रणात एक ठरलेली उतरंड होती. परदेशी वाद्य झगमगाटासाठी, देशी वाद्य ठेक्यासाठी. दोन्हींच्या मागे वेगवेगळी माणसं. दोन्ही एका शरीरात आणण्याचा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही, कारण स्टुडिओत त्याची गरजच नव्हती.

गुर्तूंना तो पडला, याचं कारण मला त्यांच्या घरात दिसतं. आई शोभा गुर्तू, बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. आजी मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकलेल्या. शोभाताईंचं नाव ठुमरी-दादऱ्यासाठी झालं, ‘सामना’सारख्या मराठी चित्रपटासाठीही त्या गायल्या, २००२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, २००४ मध्ये त्या गेल्या. त्यांनीच मुलाला तबल्याकडे वळवलं आणि तो अब्दुल करीम यांच्याकडे शिकला. मराठीत त्रिलोक गुर्तूंबद्दल लिहिलं जातं तेव्हा हा तपशील ‘कलेचं बाळकडू’ अशा एका वाक्यात संपतो. तो संपू नये, कारण ठुमरीच्या साथीत एक फार विशेष गोष्ट घडते.

ठुमरी गाणारी एकाच बोलाला निरनिराळ्या तऱ्हांनी रंगवत राहते. तबलजी दीपचंदी किंवा जतचा ठेका धरून बसलेला असतो, कितीतरी वेळ, स्वतःकडे लक्ष न वेधता. शेवटी गायिका मुखड्यावर येऊन स्थिरावते, ताल कहरव्यात सरकतो आणि तबलजी लग्गी सुरू करतो. काही क्षण सगळं गाणं त्याच्या बोटांत येतं. पुन्हा सम, पुन्हा संयम. ज्या मुलाने हे घरी, आईच्या गाण्याच्या मागे ऐकलं, त्याला जॅझमधली ड्रमरची जागा परकी वाटण्याचं कारण नव्हतं. दीर्घ काळ दुसऱ्याचं ऐकत राहायचं, त्याच्या बोलण्यातल्या फटी ओळखायच्या, आणि आपली पाळी आली की सगळं सांगून मोकळं व्हायचं. मला गुर्तूंच्या वादनात अमेरिकन ड्रमरांइतकाच लग्गी वाजवणारा तबलजी ऐकू येतो. त्यांच्या सोलोमध्ये उतावळेपणा असतो, पण तो समेला बांधलेला असतो.

दुसरी गोष्ट त्यांनी स्वतःच एका मुलाखतीत सांगितली आहे. पाश्चात्त्य संगीत ते ध्वनिमुद्रिका ऐकून शिकले, आणि एकावर एक थर चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं. जे ऐकू येतं ते एकच माणूस वाजवतो, असं समजून ते सगळंच्या सगळं वाजवायला शिकत गेले. या प्रसंगाकडे मी गुर्तूंच्या संचाचं मूळ म्हणून पाहतो. कानात चार वादकांचं वादन आहे आणि हात दोनच आहेत. मग वस्तू अशा मांडायच्या की एका झेपेत तबल्यावरून झांजेवर, झांजेवरून घंटेवर जाता यावं. आयात परवान्यांच्या त्या काळात परदेशी ड्रमसेट मिळणं अवघड होतं, शिकवणारे मोजके होते. टंचाईचं कौतुक करण्याची मला हौस नाही. टंचाईने कितीतरी वादक वाया घालवले असतील. पण या एका ठिकाणी माहितीच्या अभावाने कानाला अवास्तव काम दिलं आणि कानाने ते मनावर घेतलं.

बादलीचंही असंच आहे. घंटा वाजवून पाण्यात बुडवली की तिचा स्वर खाली घसरतो, बाहेर काढली की वर चढतो. पत्र्याच्या कंपनांना पाण्याचं वजनही हलवावं लागतं, म्हणून कंपनं मंदावतात. जॉन केज यांनी १९३०च्या दशकात पाण्यातली घंटा वापरली होती, आणि आपल्या जलतरंगात पाण्याची पातळी बदलून वाट्यांचे स्वर लावणं तर जुनंच आहे. गुर्तूंनी पाणी शोधून काढलं असं नाही. त्यांना ते का हवं होतं, हा खरा प्रश्न. झांज एकदा वाजली की तिचा स्वर वादकाच्या हातात राहत नाही. ती विझेपर्यंत वाट पाहायची किंवा हाताने धरून थांबवायची. डग्ग्यावर मींड काढणाऱ्या हाताला हे सोसवत नाही. पाण्याने धातूलाही मींड दिली. शिंपल्यांची माळ बुडवून वर काढली की थेंबांसह जो झिरमिळणारा आवाज येतो, त्यात ताल मोजता येत नाही; ठुमरीतल्या एखाद्या लांबवलेल्या स्वरासारखी ती जागा मोकळी राहते.

१९७०च्या दशकात ते युरोपात गेले. चार्ली मारियानो, डॉन चेरी यांच्याबरोबर वाजवलं. जर्मनीच्या ‘एम्ब्रियो’ या समूहाच्या १९७७च्या ‘अपो-कॅलिप्सो’वर ते आहेत आणि त्यांच्या आईही आहेत. ‘ऑरेगॉन’ या समूहातले कॉलिन वॉलकॉट १९८४ मध्ये अपघातात गेले, त्यांची जागा पुढे गुर्तूंनी घेतली. मग जॉन मॅक्लॉफ्लिन यांची त्रयी. १९८८ मध्ये ‘उस्फ्रेट’ हा स्वतःचा पहिला अल्बम आला, त्यातही शोभाताईंचा आवाज आहे. १९९३च्या ‘क्रेझी सेंट्स’मध्ये पॅट मेथेनी आणि जो झाविनुल आहेत. ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना तालवादक म्हणून वारंवार पहिलं स्थान दिलं.

तालवादक म्हणून, ड्रमर म्हणून नव्हे. इथे एक गंभीर आक्षेप आहे. अनेक जॅझप्रेमी म्हणतात की हा माणूस थोर आहे, पण जॅझ ड्रमर नव्हे. वरच्या झांजेवरचा तो झोका, जो जॅझचा श्वास आहे, तो यांच्याकडे हवा तसा नाही. या आक्षेपात थोडं तथ्य आहे. चार-चार मात्रांच्या सरळ चालीत एल्विन जोन्स जे करत ते गुर्तू करत नाहीत. नव्वदच्या दशकाअखेरच्या काही अल्बमांत तर वाद्यांची आणि देशांची इतकी गर्दी झाली आहे की तालाला पाय ठेवायला जागा उरत नाही. ते अल्बम मी फारसे ऐकत नाही. पण जॅझ म्हणजे एका दशकाचा झोका असं ठरवलं, तर केनी क्लार्कसुद्धा आपल्या आधीच्या लोकांना बिघडवणारेच वाटले होते. जॅझ ड्रमिंगचा इतिहास म्हणजे कुठला अवयव काय सांभाळेल याची सतत चाललेली फेरवाटणी आहे. त्या अर्थाने गुर्तू मुख्य प्रवाहातले आहेत, कडेला उभे नाहीत.

आता प्रभाव. गुर्तूंसारखं जमिनीवर बसून वाजवणारे ड्रमर जगात फार झालेले नाहीत. संचाची नक्कल झाली नाही, आणि ते बरंच झालं. तो एका शरीरासाठी मापून केलेला संच आहे. पसरली ती त्यामागची पद्धत. आधी तोंडाने म्हण, मग हाताने वाजव. मॅक्लॉफ्लिन आणि गुर्तू मंचावर माइकपुढे बोलांची देवाणघेवाण करत. कर्नाटक संगीतातलं कोन्नक्कोल आणि आपल्याकडची पढंत ही श्रोत्यांनी ऐकण्याची गोष्ट आहे, हे युरोप-अमेरिकेतल्या ड्रमरांना अशा मैफलींनी दाखवलं. श्रेय त्यांच्या एकट्याचं नाही. मॅक्लॉफ्लिन यांचाच ‘शक्ती’ हा समूह आधी होऊन गेला होता, त्यात झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांनी ती वाट उघडली होती. पण ते दोघे आपापल्या वाद्यावर होते. काठ्या हातात घेऊन, झांजांच्या मध्ये बसून बोल म्हणणारा माणूस पाहिला तेव्हा ड्रमरांना ते आपल्या वाद्याचं वाटलं. आज स्टीव्ह स्मिथसारखा अमेरिकन ड्रमर कोन्नक्कोल गंभीरपणे शिकतो आणि वापरतो, जगभरच्या ड्रमिंगच्या वर्गांत तिहाई शिकवतात. मुंबईत रणजित बारोट, सितारादेवींचे पुत्र, कथकच्या बोलांच्या घरातून ड्रमकडे आले आणि तेही मॅक्लॉफ्लिन यांच्या समूहात पोहोचले.

हे सगळं खांदेश्वरला बसून लिहिताना एक विसंगती फार टोचते. हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचं हे स्टेशन. एका बाजूला कामोठे, दुसऱ्या बाजूला खांदा कॉलनी. सिडकोने आखलेल्या या वसाहतींत ड्रमचे वर्ग भरपूर आहेत. मुलं हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक पॅडवर सराव करतात, कारण फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि शेजाऱ्यांची झोपही खरी आहे. ती परीक्षेच्या पुस्तकातले ठोके पाठ करतात. बहुतेकांना स्टुलाची उंची आधी शिकवली जाते, तोंडाने ठेका म्हणायला क्वचितच. आणि त्याच वसाहतींच्या मधल्या जुन्या गावांत, आगरी हळदीला बेंजो पार्टी येते. तिच्यात कच्छी असते, ताशा असतो, रोटो असतो, ऑक्टोपॅड असतो. रोटो म्हणजे रेमो या अमेरिकन कंपनीने आणलेला, खोकं नसलेला, नुसत्या चौकटीवर पुडी ताणलेला ड्रम; चौकट फिरवली की स्वर बदलतो. आमच्याकडच्या पोरांनी तो इतका चढवून लावला की त्यातून ढोलकीचा आणि ताशाचा टणत्कार निघतो. हे त्यांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नाही. कानात जो आवाज होता तो हातातल्या वस्तूकडून काढून घेतला, एवढंच. गुर्तूंची पद्धत हीच.

मी बेंजो पार्टीला जॅझ म्हणत नाही. तिच्यात आवाजाचा अतिरेक आहे, आणि ऑक्टोपॅडची एक मर्यादा तिला गाठतेच: पॅडमध्ये भरलेला डग्गा हाताच्या दाबाने हवा तसा वाकत नाही. पण वाद्याशी असलेलं नातं पाहिलं तर मला हेडफोनमधल्या मुलापेक्षा रोटोवाला गुर्तूंच्या जवळचा दिसतो. दुःख याचं की दोघांची भेट होत नाही. वर्गातल्या मुलाला हळदीतलं वादन संगीत वाटत नाही, आणि रोटोवाल्या मुलाला आपण जे करतो त्याला जगात एक थोर पूर्वज आहे, तो बेळगावच्या ठुमरी गायिकेचा मुलगा आहे, हे कुणी सांगितलेलं नाही.

भेट व्हायला जागा लागते. मुंबईत १९७८ पासून निरंजन झवेरींच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ भरत असे, धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्यावर. शांतता क्षेत्राच्या नियमांनंतर ते रंगभवन गप्प झालं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. शेजारी रुग्णालय आहे. पण पर्यायी जागा उभी राहिली नाही. इथे पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, नोडा-नोडांत समाजमंदिरं आहेत. आठवड्यातून दोन दुपारी त्यातली एखादी खोली, भिंतींना जाड पडदे लावून, तालवाद्यांच्या सरावासाठी मोकळी ठेवणं महापालिकेला जड नाही. तिथे परीक्षेची मुलं आणि बेंजो पार्टीची मुलं एकत्र बसावीत, आधी बोल म्हणावेत, मग ज्याला जे वाद्य सापडेल त्यावर ते काढावेत. एखादा तबलजी आणि एखादा ड्रमर बोलावला तरी पुरे.

त्या खोलीत पहिल्या दिवशी काय ऐकवायचं, हेही माझ्या मनात ठरलेलं आहे. मॅक्लॉफ्लिन त्रयीची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली नोव्हेंबर १९८९ची मैफल, बासवर काय एकहार्ट. त्यातली ‘मदर टंग्ज’ ही लांबलचक रचना दोनदा लावावी. पहिल्यांदा नुसती ऐकावी. दुसऱ्यांदा मुलांनी मांडीवर हाताने मात्रा धराव्यात, आणि गुर्तू एकटे वाजवू लागले की त्यांचे बोल तोंडाने म्हणून पाहावेत.